काळी नायिका हवी, पण पुसता येणारी

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. मालिका बघत नसाल तरी वाचा. विषय मालिकेचा कमी आणि आपल्या घरातल्या पोरींचा जास्त आहे.

'रंग माझा वेगळा' आठवते ना? स्टार प्रवाह, २०१९ ते २०२३. जवळजवळ चार वर्षं, हजाराच्या वर भाग. नायिका दीपा, रंगाने काळी आणि मनाने सोन्यासारखी. काळ्या रंगाचा तिटकारा असलेली सासू सौंदर्या, आणि दोघींच्या मध्ये डॉक्टर कार्तिक. मालिका जोरात चालली. आमच्या गल्लीत तर चार घरांतून एकदम तोच आवाज यायचा. काळी मुलगी म्हणजे कमी नाही, हा मालिकेचा विषयच होता. विषय चांगलाच होता. आणि दीपाच्या भूमिकेत कोण होतं? रेश्मा शिंदे. गोऱ्या रंगाची अभिनेत्री, मेकअप करून काळी केलेली.

आधीच सांगून टाकतो, नाहीतर गैरसमज व्हायचा. ही पोस्ट रेश्मा शिंदेविरुद्ध नाही. तिला भूमिका मिळाली, तिने ती मन लावून केली, लोकांनी तिच्यावर प्रेम केलं. नटीने आलेलं चांगलं काम का सोडावं? माझं भांडण आहे ते त्या विचाराशी, ज्याला काळ्या मुलीची गोष्ट सांगायची असते पण काळी मुलगी समोर नको असते.

आपल्या भाषेतच बघा. 'तोंडाला काळं फासणं' म्हणजे काय? भर चौकात एखाद्याची बेअब्रू करणं. मोर्च्यात, आंदोलनात आपण हे पाहिलंय. 'तोंड काळं कर' म्हणजे चालता हो. 'कुळाला काळिमा' म्हणजे कलंक. ज्या भाषेत काळा रंग चेहऱ्याला लावणं हीच शिक्षा आहे, त्या भाषेतल्या मालिकेत चांगल्या हेतूने, चार वर्षं, नायिकेच्या तोंडाला काळं लावलं गेलं आणि कुणाला त्यात फारसं खटकलं नाही! उलट 'किती मेहनत घेते बिचारी' असं कौतुक झालं.

आता मुद्द्यावर येतो. दैनंदिन मालिकेतली मुख्य भूमिका ही काही साधीसुधी गोष्ट नसते. सिनेमा दोन-अडीच तासांत संपतो. मालिकेची नायिका आठवड्याचे सहा दिवस, वर्षानुवर्षं आपल्या घरात येऊन बसते. आजीला ती नातीसारखी वाटायला लागते. दुकानात तिच्या साडीचं नाव सांगून साडी मागतात. उद्घाटनाला तिला बोलावतात, जाहिराती मिळतात, आणि एका मालिकेनंतर दुसरी मिळायची शक्यता वाढते. म्हणजे ही एक नोकरी आहे, नाव आहे, आणि समाजाच्या डोळ्याला एका चेहऱ्याची सवय लावणं आहे. ही सवय फार मोठी गोष्ट आहे हो. पोरी आरशात बघतात तेव्हा डोक्यात कुठला तरी चेहरा असतोच.

अशी भूमिका काळ्या-सावळ्या मुलीला एरवी मिळतच नाही. तिला मिळते नायिकेची मैत्रीण, कामवाली, गावाकडची विनोदी बाई, नाहीतर करणी करणारी खलनायिका. मग कधीतरी एकदा अशी गोष्ट येते की जिची नायिका काळीच असली पाहिजे. तिच्या रंगाशिवाय गोष्टच उभी राहत नाही. निदान ही एक जागा तरी तिची असायला हवी होती. तीही गेली.

पुढचं बघा. 'रंग माझा वेगळा' संपली. २०२४ मध्ये त्याच वाहिनीवर 'घरोघरी मातीच्या चुली' सुरू झाली. त्यात रेश्मा शिंदे जानकी झाली, आपल्या मूळ रंगात. चांगलंच झालं. पण यातला हिशेब लक्षात घ्या. तिने रंग धुतला आणि ती पुढच्या भूमिकेकडे गेली. आमच्या गल्लीतली पोरगी रंग धुऊ शकत नाही, म्हणून तिला पुढचीही भूमिका नाही आणि ही भूमिकाही नाही. काळ्या नायिकेसाठी पात्रता काय ठरली, तर तिचा काळेपणा पुसता आला पाहिजे.

आता यावर जी उत्तरं मिळतात ती एकेक करून घेऊ. मी सांगलीत कॉलेजच्या पोरापोरींच्या एकांकिका बसवतो, त्यामुळे ही उत्तरं मला तोंडपाठ आहेत.

पहिलं उत्तर : "अहो, सोंग घेणं हे नटाचं कामच आहे. उद्या म्हणाल, डॉक्टरची भूमिका डॉक्टरनेच करायची!"

नाही म्हणणार. सागर देशमुखने एकाच वर्षी, २०१९ मध्ये, 'भाई' सिनेमात पु. ल. उभे केले आणि मालिकेत बाबासाहेब आंबेडकर उभे केले. नटाची ताकद ती हीच. नटाने आपल्याबाहेरचं माणूस व्हावं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण मग ही मुभा सगळ्यांना सारखी हवी ना? इथे काय होतं? गोऱ्या मुलीला काळी करून काळीची भूमिका देतात. आणि सावळ्या मुलीला चुकून मोठी भूमिका मिळालीच, तर तिच्या चेहऱ्यावर दोन छटा उजळ बेस चढवतात. स्पर्धेच्या रंगपटात मी हे डोळ्यांनी बघितलंय. मान एका रंगाची, चेहरा दुसऱ्या रंगाचा. म्हणजे गोरीला काळी करायचं, सावळीला गोरी करायचं, पण सावळीला सावळी म्हणून उभं करायचं नाही! असलं कसलं सोंग? हे तर एकाच बाजूने चालणारं दुकान झालं.

दुसरं उत्तर : "तशी मुलगी मिळायला नको का? आम्ही शोधतो, पण मिळत नाही."

हे उत्तर शंभर वर्षं जुनं आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. जाहिराती दिल्या, हिंडले, फिरले. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवून तारामती केलं. त्या काळात बाईने पडद्यावर येणं म्हणजे बदनामी, त्यामुळे फाळक्यांची अडचण खरी होती. पण पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. आई पार्वती झाली, मुलगी मोहिनी झाली. बायका काही आकाशातून पडल्या नव्हत्या, त्या होत्याच. हिंमत करणारी एक आई लागली आणि तिला जागा देणारा निर्माता लागला.

रंगभूमीवरही तेच. बालगंधर्वांची थोरवी मी कमी लेखत नाही, आणि आमच्या सांगलीत तर ते शक्यच नाही. पण १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' आलं, ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या, आणि बाईची भूमिका बाई करू शकते हे मराठी प्रेक्षकाने पाहिलं. त्यानंतर 'पुरुषच बाई जास्त चांगली करतो' हा युक्तिवाद कुणी किती दिवस केला? आज केला तर आपण हसू. मग 'गोरीच काळी जास्त चांगली करते' यावर का हसत नाही?

आणि हे फाळक्यांच्या काळातलं नाही. आज गावोगावी एकांकिका होतात. पुरुषोत्तम करंडक आहे, राज्य नाट्य स्पर्धा आहे, युवा महोत्सव आहेत. तिथे या. विंगेत उभ्या असलेल्या पोरींचे चेहरे बघा. महाराष्ट्राचा जो रंग आहे, तोच त्यांचा रंग आहे. म्हणे मिळत नाहीत!

तिसरं उत्तर, आणि हे सगळ्यात लाडकं : "आम्हाला चालेल हो, पण प्रेक्षकांना चालत नाही."

प्रेक्षकांना? १९७०च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या कोण देत होतं? स्मिता पाटील. सावळी, बोलक्या डोळ्यांची. लोकांनी टीव्ही बंद केले नाहीत, उलट बातम्यांसाठी लावले. २००५ मध्ये झी टीव्हीवर 'सात फेरे' ही हिंदी मालिका आली. गोष्ट हीच, सावळ्या रंगामुळे लग्न न जुळणाऱ्या मुलीची. नायिका म्हणून घेतली राजश्री ठाकूर, आपली मराठी मुलगी आणि मुळातच सावळी. मालिका २००९ पर्यंत चालली. म्हणजे 'रंग माझा वेगळा'च्या चौदा वर्षं आधी हा प्रयोग करून झाला होता, यशस्वी झाला होता, आणि तोसुद्धा एका मराठी मुलीला घेऊन झाला होता!

'सैराट' आठवा. अकलूजची शाळकरी पोरगी, रिंकू राजगुरू. नागराज मंजुळ्यांनी तिला उचललं आणि तिच्या रंगासकट, बोलीसकट, चालण्यासकट उभं केलं. तोवरच्या मराठी सिनेमांत सगळ्यात जास्त कमाई त्या सिनेमाने केली. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका नागपूरची, वऱ्हाडी बोलायची. लोकांनी ती साडेचार वर्षं डोक्यावर घेतली. 'रात्रीस खेळ चाले'त मालवणी ऐकायला विदर्भातली माणसंही बसली. प्रत्येक वेळी 'हे चालणार नाही' म्हणणारे शहाणे होतेच. प्रेक्षक प्रत्येक वेळी त्यांच्या पुढे निघाला.

हां, उलटं उदाहरणही सांगतो, लपवणार नाही. २०२० मध्ये सोनी मराठीवर सावित्रीबाई आणि जोतिबांवरची 'सावित्रीजोती' आली आणि वर्षभरात बंद झाली. कारण टीआरपी नाही. तिथे आपण प्रेक्षक कमी पडलो, हे खरंच आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष बघा कसा काढतात. गोऱ्या नायिकांच्या कितीतरी मालिका सहा-आठ महिन्यांत गुंडाळल्या जातात. तेव्हा कुणी म्हणतं का, 'गोऱ्या नायिका प्रेक्षकांना चालत नाहीत बुवा'? नाही. तेव्हा कथा कमकुवत असते, वेळ चुकीची असते, समोर मोठी मालिका असते. वेगळं काही पडलं की मात्र दोष थेट वेगळेपणाला. एकाला शंभर संधी आणि दुसऱ्याची एकच परीक्षा, तीही कायमची.

चौथं उत्तर तांत्रिक असतं : "कॅमेऱ्यात उठून दिसत नाही."

तर मग कॅमेऱ्यामागच्या माणसाला विचारा, प्रकाशयोजना कुणासाठी केलीय? 'फँड्री' विक्रम अमलाडींनी चित्रित केला. त्यातला जब्या, सोमनाथ अवघडे, उन्हात, धुळीत, संध्याकाळच्या उजेडात काय दिसतो! त्या पोराला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कॅमेऱ्याला रंगाचं वावडं नसतं. मालिकेच्या सेटवर चारी बाजूंनी सारखा उजेड ओतायचा, गोऱ्या चेहऱ्याचं माप धरून दिवे लावायचे आणि मग सावळी मुलगी दिसत नाही म्हणायचं, याला काय अर्थ?

बरं, हा दोष एकट्या मराठीचा आहे असंही नाही. 'रंग माझा वेगळा'ची गोष्ट मूळची मल्याळम, 'करुत्तमुत्तु', २०१४ ची. मग ती तेलुगूत 'कार्तिक दीपम' झाली. दोन्हीकडे नायिका एकच, प्रेमी विश्वनाथ, आणि दोन्हीकडे मेकअपने काळी केलेली. म्हणजे ज्या दक्षिणेकडे बोट दाखवून आपण 'तिकडची माणसं काळी' म्हणतो, तिकडेही काळी नायिका रंगाच्या डबीतूनच आली. गोष्टीबरोबर रोगही राज्याराज्यांतून फिरला. हिंदीत तर 'लागी तुझसे लगन'मध्ये नकुशा नावाची नायिका होती. ती मुळात गोरीच! पुरुषांच्या नजरेपासून वाचावी म्हणून आईने काळं फासून ठेवलेली. म्हणजे काळेपणा हा शापसुद्धा खोटाच, आतून सुंदरी गोरी निघणार. आणि ही मालिका चालू असतानाच, २०११ मध्ये, आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात 'नकुशा' नाव लागलेल्या दोनशेहून जास्त खऱ्या मुलींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली होती.

आता थोडं जवळचं सांगतो. माझ्याकडे काम करणारी एक मुलगी. नाव-गाव देत नाही, तिला त्रास नको. आवाज खणखणीत, शब्द स्वच्छ, रंगमंचावर आली की मागच्या रांगेतली पोरं मोबाइल खिशात घालतात. दोन वेळा अभिनयाचं बक्षीस घेतलंय. मुंबईला ऑडिशनला गेली. समोरच्या माणसाने कौतुक केलं आणि म्हणाला, "मॅडम, काम फार चांगलंय. पण तुम्ही कॅरेक्टर रोलसाठी बघा." तेवीस वर्षांच्या पोरीला! त्यांच्या भाषेत 'कॅरेक्टर रोल' म्हणजे काय, हे तिला समजलं. ती आता एका बँकेत डेटा एंट्री करते. चांगली नोकरी आहे, रडगाणं गात नाही. पण तालमीला यायचं तिने सोडलंय. आपण काय गमावलं, हे त्या माणसाला कधी कळणारही नाही.

ऑडिशनचे जे मेसेज फिरतात त्यांत काय लिहिलेलं असतं वाचा कधीतरी. वय, उंची आणि मग 'फेअर, गुड लुकिंग'. तोच मजकूर लग्नाच्या जाहिरातीत. उजळ, गोरी, निमगोरी, गहूवर्णी. सावळी शब्द आलाच तर त्याच्या मागे 'पण' लागलेला असतो. सावळी पण नाकीडोळी नीटस. सावळी पण शिकलेली. या 'पण'वर आपल्याकडे पिढ्या गेल्या. विठोबा सावळा चालतो, सून चालत नाही. १९७५ मध्ये आलेल्या क्रीमच्या नावातला 'फेअर' शब्द कंपनीने २०२० मध्ये काढून टाकला आणि 'ग्लो' केला. डबीवरचं नाव बदललं. लग्नाच्या बैठकीतला आणि ऑडिशनच्या खोलीतला प्रश्न मात्र तोच राहिला.

आणि म्हणूनच दीपाचा मेकअप मला किरकोळ वाटत नाही. मालिका तोंडाने सांगत होती की काळी मुलगी कुणापेक्षा कमी नाही. आणि नायिकेची निवड सांगत होती की काळी मुलगी नायिका व्हायला पुरी पडत नाही. घरात बसलेल्या सावळ्या पोरीने यातलं कुठलं खरं धरायचं? पोरं आपलं बोलणं कमी ऐकतात आणि आपण काय करतो ते जास्त बघतात.

मला काय हवंय ते सरळ सांगतो. ऑडिशनच्या मेसेजमधून रंगाचा शब्द आजच्या आज काढा. त्याला एक रुपया खर्च नाही. गोष्टच काळ्या मुलीची असेल तर भूमिका काळ्या मुलीला द्या, आणि तिच्यासाठी सांगली, सोलापूर, नांदेड, चंद्रपूरच्या स्पर्धांना येऊन बसा. अंधेरीत बसून 'मिळत नाही' म्हणू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, काळ्या मुलीला अशी गोष्ट द्या जिच्यात तिच्या रंगाचा विषयच नाही. तिला वकील करा, घरातली मोठी सून करा, प्रेमात पाडा, भांडू द्या, चुका करू द्या, कटकारस्थान करू द्या. हजार भागांत तिच्या रंगावर एकही वाक्य नको. गोऱ्या नायिकेच्या गोरेपणावर कधी मालिका लिहिता का? मग हिच्या रंगाचीच सतत गोष्ट का? तिलाही सासू, नणंद, हरवलेलं मंगळसूत्र आणि परत आलेला नवरा मिळू दे की! नायिकेचे सगळे छळ सोसायला ती तयार आहे. फक्त हा एक नको.

आणि आपण प्रेक्षकांनीही 'हिला कशाला घेतलं नायिका म्हणून' हे वाक्य सोफ्यावर बसून उच्चारताना एकदा मागे वळून बघावं, ते ऐकायला खोलीत कोण बसलंय. बऱ्याचदा आपलीच लेक बसलेली असते.

पुढच्या महिन्यात आमच्या पोरांची एकांकिका आहे. मुख्य भूमिकेसाठी त्या बँकेतल्या मुलीला परत विचारणार आहे. मालिकेची माणसं येतील न येतील, तुम्ही या. पोस्ट पटली तर पुढे पाठवा. नाही पटली तर वाद घालायलाही या, चहा माझ्याकडून.